हिरव्या पाण्याचा जमाखर्च

माझ्या अंगणातल्या तळ्यात शेवाळ आहे आणि ते राहणार आहे. हे आधीच सांगते, कारण तळं बघायला येणारे पाहुणे हमखास विचारतात, "तुमच्याकडे शेवाळ कसं होत नाही?" होतं की. काठाच्या दगडांवर हिरवी लव आहे, वेखंडाच्या बुडख्याला धागे लोंबतात, आणि आत्ता वैशाखात दुपारच्या वेळी पाण्यावर हलकी हिरवी झाकही येते. तरी तळाशी पडलेली कडुनिंबाची काडी वरून स्पष्ट दिसते. नाशिकच्या उन्हाळ्यात उघड्यावर साठलेल्या पाण्याकडून एवढंच मागावं, याहून जास्त मागू नये, असं माझं ठाम मत आहे. पोहण्याच्या तलावासारखं निळंशार पाणी ज्यांना हवं असतं, त्यांना खरं तर तळं नको असतं.

तळं मोठं नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट खोल. म्हणजे सव्वाचार हजार लिटरच्या आसपास पाणी. मखमलाबादच्या बाजूला पूर्वी मळे होते, तिथे आता आमची कॉलनी आहे. माती मात्र अजून तीच, काळी आणि सुपीक. एका अंगाला कडुनिंब, दुसऱ्या अंगाला शेवगा. पश्चिमेला आडोसा नाही, त्यामुळे दुपारचं ऊन थेट पाण्यावर. शेवाळाला लागतं ते सगळं इथे आयतं मिळतं.

उपाय शोधण्याआधी आपल्या पाण्यात नेमकं कोण वाढतंय ते बघावं लागतं. बागेतल्या तळ्यात साधारण तीन मंडळींशी गाठ पडते. पहिली एकपेशीय, तरंगणारी. ही वाढली की सगळं पाणीच हिरवं होतं. हात कोपरापर्यंत बुडवला तर आपलीच बोटं दिसत नाहीत, आणि कापडाने गाळून काही उपयोग होत नाही. दुसरी धाग्यांची. यात स्पायरोगायरा हाताला बुळबुळीत लागतो, क्लॅडोफोरा खरखरीत. हे धागे आधी तळाशी, दगडांवर धरतात, मग त्यांच्यात ऑक्सिजनचे बुडबुडे अडकतात आणि दुपारी अख्खा पुंजका वर तरंगायला लागतो. तिसरी मंडळी नील-हरित. आपण त्यांना शेवाळच म्हणतो, पण ते जीवाणू आहेत. वाऱ्याच्या दिशेने एका कोपऱ्यात त्यांची दाट साय जमते आणि वास येतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे काठी बुडवून बाहेर काढायची. काठीला धागे लोंबले तर काळजी नाही. हिरवा ऑइलपेंट फासल्यागत ती माखून आली, तर मात्र सावध व्हावं. मायक्रोसिस्टिस नावाची जात यकृताला घातक विष तयार करते; जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्या विषाची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. तसं पाणी घरच्या कुत्र्यालाही पिऊ देऊ नये.

आणि तरीही या तिसऱ्या मंडळींविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. १९३९ मध्ये पी. के. डे या भारतीय संशोधकांनी दाखवून दिलं की भातखाचरातल्या पाण्यात हवेतला नायट्रोजन बांधून ठेवण्याचं मोठं काम हे नील-हरित शेवाळ करतं. आमच्या जिल्ह्यात इगतपुरीकडे पावसाळ्यात गेलात आणि खाचरांच्या पाण्यावर हिरवट थर दिसला, तर नाक मुरडू नका. जे तळ्यात नको, तेच खाचरात भाताला जेवू घालतं. आजही पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळपास निम्मा वाटा समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती-प्लवकांचा आहे. म्हणून "शेवाळाचा नायनाट" ही भाषा मला मुळातच पटत नाही. त्याला आवरायचं असतं, आणि आवरायचं तर ते काय खातं हे कळायला हवं.

तळ्याकडे मी जमाखर्चाच्या वहीसारखं बघते. पाण्यात जे पडतं ते जमेला. गळलेली पानं, वाऱ्याने आलेली माती, माशांचं खाद्य, पक्ष्यांची शीट, हिरवळीला घातलेलं खत, बोअरच्या पाण्यातून आलेलं नायट्रेट. खर्चाची बाजू मात्र फार तोकडी. नायट्रोजनचा काही भाग तळच्या गाळातले जीवाणू वायू करून हवेत सोडतात. फॉस्फरसला तीही वाट नाही, तो हवेत उडून जात नाही. आपण हाताने जेवढं बाहेर काढू तेवढाच त्याचा खर्च. बाकी सगळी शिल्लक. ती शिल्लक गाळात लोहाशी बांधून बसते, आणि तळाशी ऑक्सिजन संपला की सुटून पुन्हा पाण्यात येते. हिरवं पाणी म्हणजे ही वाढलेली शिल्लक डोळ्यांना दिसणं.

फॉस्फरसवर माझा एवढा रोख का, ते सांगते. आल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये समुद्रातल्या प्लवकांचा अभ्यास करून एक गुणोत्तर मांडलं. पुढे सुधारून ते असं ठरलं: फॉस्फरसचा एक अणू असेल तर नायट्रोजनचे सोळा आणि कार्बनचे एकशे सहा. म्हणजे फॉस्फरस अगदी थोडा लागतो, पण तेवढाही नसला तर बाकी सगळं असून वाढ अडते. त्यावर १९७३ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अख्खं सरोवरच प्रयोगाला घेतलं. 'लेक २२६' त्याचं नाव. मधे चिंचोळं असलेलं ते सरोवर त्यांनी भक्कम प्लास्टिकचा पडदा लावून दोन भागांत वाटलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, पण फॉस्फरस फक्त एकातच. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून घेतलेलं त्याचं छायाचित्र जगभर गाजलं. कार्बन हवेतून मिळतो, नायट्रोजनही काही शेवाळं हवेतून मिळवतात, फॉस्फरस मात्र कोणीतरी आणून घालावा लागतो. तळ्याच्या काठी उभं राहून मी स्वतःला हाच प्रश्न विचारते, की इथे तो कोण आणून घालतंय?

माझ्या अंगणात याचं पहिलं उत्तर कडुनिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानगळ होते, बारीक पिवळी पानं दिवसभर पडत राहतात. नेमक्या त्याच वेळी ऊन चढायला लागलेलं असतं आणि थंडीत आक्रसलेल्या कुमुदिनीच्या पानांनी अजून पाणी झाकलेलं नसतं. नाशिकची थंडी जुजबी नाही. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या आपण दर वर्षी-दोन वर्षांनी वाचतो. त्या थंडीत तळ्यातल्या वनस्पती झोपलेल्या असतात आणि शेवाळ त्यांच्या आधी जागं होतं. म्हणून होळीच्या सुमारास पाणी हिरवं होतं आणि लोक म्हणतात, "अचानक झालं." अचानक काही नसतं. मी या दोन महिन्यांत तळ्यावर जाळी ताणते. बाजारात भाजीच्या मळ्यांसाठी मिळते ती साधी पक्ष्यांची जाळी, चारी बाजूंनी विटा ठेवून. रोज संध्याकाळी ती झटकायची आणि पानं खतकुंडीत. दिसायला ती सुंदर नसते. पण त्या जाळीने जेवढं काम केलंय तेवढं शेवाळ मारायच्या औषधाच्या कुठल्याही बाटलीने केलं नसतं.

दुसरं उत्तर पावसाळ्यात मिळतं. काठ जमिनीच्या पातळीत असला की पहिल्या वळवाबरोबर अंगणातली माती आणि खत सगळं पाण्यात. म्हणून काठ जमिनीपासून चार बोटं उंच हवा. तळं बांधताना गवंड्याला हे वेगळं सांगावं लागतं, कारण सपाट काठ दिसायला बरा दिसतो.

तिसरं उत्तर सांगताना थोडं सांभाळून बोलावं लागतं. ते निर्माल्य. पाण्यात फूल सोडायची आपल्या हाताला सवय आहे, गोदावरीकाठच्या, म्हणजे आमच्या गंगेकाठच्या गावात तर आहेच. देवाची फुलं कचऱ्यात टाकवत नाहीत म्हणून शेजारच्या काकू एकदा पाटी घेऊन आल्या. मी त्यांना कर्दळीच्या वाफ्यात जागा करून दिली. "मातीत गेलं तरी देवाचंच की हो, काकू," म्हटलं. त्यांना ते पटलं. आता कॉलनीतली आणखी दोन घरं तिथेच निर्माल्य आणून टाकतात आणि कर्दळ माणसाच्या उंचीची झाली आहे. शाडूचा गणपतीही आमच्याकडे बादलीत विसर्जित होतो आणि ती माती झाडांना जाते.

पण सगळ्यात मोठी जमा माशांच्या नावावर असते. माशांच्या खाद्यात साधारण ३५ टक्के प्रथिनं असतात, आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. म्हणजे १०० ग्रॅम खाद्यामागे साडेपाच ग्रॅमहून अधिक नायट्रोजन. त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग मासा अंगी लावत नाही, तो कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात येतो. फॉस्फरस वेगळाच. एवढ्याशा पाण्यात कोई मासे सोडायचे, दिवसातून दोनदा मूठभर दाणे टाकायचे आणि मग पाणी हिरवं का म्हणून विचारायचं, हे मला कळत नाही. वर कोई आणि गोल्डफिश तळ उकरतात. गाळात निजलेला फॉस्फरस ते रोज उठवतात.

माझ्या तळ्यात फक्त गप्पी आहेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि हौदांत सोडतात तेच. मी त्यांना काहीही खायला घालत नाही. सुट्टीत भाच्याची मुलगी आली होती. पोळीचा तुकडा हातात घेऊन काठावर बसली होती.

"आजी, त्यांना भूक नाही लागत?"

"लागते ना. म्हणून तर ते डासांची पिल्लं खातात. तू पोळी टाकलीस तर डास कोण खाणार?"

तिने थोडा विचार केला आणि पोळी स्वतः खाल्ली. गप्पींची संख्या आपसूक तेवढीच राहते जेवढ्यांना तळं पोसू शकतं. वर्षाकाठी मी ती मोजत नाही आणि वाढवतही नाही.

आता बाटल्यांविषयी. माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. त्याचं शेततळं माझ्या तळ्यापेक्षा कितीतरी पट मोठं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. उन्हाळ्यात तिथेही शेवाळ येतं, आणि त्याची अडचण खरी आहे. शेवाळ सँड फिल्टरमध्ये बसतं, ठिबकच्या नळ्या तुंबतात आणि ऐन खरड छाटणीनंतर वेलीला पाणी कमी पडतं. तो फोनवर म्हणाला, "ताई, एवढा विचार काय करते? मोरचूद टाक. दोन दिवसांत पाणी साफ."

मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं संयुग, द्राक्षवाल्यांच्या घरातलीच वस्तू. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ मध्ये मिलार्दे यांनी प्रसिद्ध केलं, द्राक्षावरच्या डाऊनी या रोगासाठी. आज जगात कुठेही द्राक्षबाग असली की हा निळा रंग ओळखीचा असतो. आणि १९०४ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी पाणीपुरवठ्यातल्या शेवाळावर मोरचूद चालतो हे दाखवलं. म्हणजे भाऊ जे सांगतो त्याला शंभराहून जास्त वर्षांचा आधार आहे. तांबं शेवाळाला मारतं यात शंका नाही.

पण मारल्यावर काय होतं? मेलेलं शेवाळ तळाशी बसतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. त्याच्या अंगात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मोकळा होतो. वहीत खर्च काहीच पडलेला नसतो. शिल्लक फक्त या पानावरून त्या पानावर जाते. काही आठवड्यांत दुसरं शेवाळ तीच शिल्लक खाऊन उभं राहतं. त्यात लिटरला एक मिलिग्रॅम म्हटलं तरी माझ्या अख्ख्या तळ्याला फक्त चार ग्रॅमच्या आसपास मोरचूद लागेल. जरा हात सैल पडला तर दुप्पट-तिप्पट. पाणी मृदू असेल तर तेवढ्यानेही मासे दगावू शकतात. गोगलगायींना तर तांबं मारतंच, आणि दगडावरची लव खरवडून खाणाऱ्या त्याच असतात. शिवाय तांबं नाहीसं होत नाही, गाळात साठत जातं. मी भावाला म्हटलं, "तुझ्या तळ्यात मासे नाहीत, बेडूक नाहीत, पाणी महिन्याभरात वेलीला जातं. तुझं गणित वेगळं. माझं पाणी इथेच राहणार आहे." तो म्हणाला, "बरं बाई, ठेव तुझं गणित." पण त्याच्याही शेततळ्याला सावलीची जाळी टाकता येईल का, यावर आम्ही पुढे बराच वेळ बोललो.

अतिनील दिव्यांबद्दलही विचारतात. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाण्यातून सोडला की तरंगणाऱ्या पेशी मरतात, एकमेकींना चिकटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. एकपेशीय हिरव्या पाण्यावर हे काम करतं. धाग्यांवर अजिबात करत नाही, कारण ते दिव्यापर्यंत जातच नाहीत. उलट पाणी स्वच्छ झालं की त्यांना तळापर्यंत ऊन मिळतं आणि ते जोमाने वाढतात. ज्यांना कोई पाळायचेच आहेत त्यांनी दिवा घ्यावा. इंग्लंडमध्ये जवाचा पेंढा पाण्यात सोडतात. तो हळूहळू कुजताना नवी वाढ रोखतो, जुन्या शेवाळाला मात्र हात लावत नाही, आणि त्याचे अनुभव सगळीकडे सारखे आलेले नाहीत. पेंढाही शेवटी पाण्यात टाकलेली जमाच, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

"सगळं पाणी उपसून तळं घासून घ्या" हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. दगडांवर आणि फिल्टरच्या खडीवर जीवाणूंचे दोन गट बसलेले असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. घासलं की ती गेली. तरंगतं शेवाळ खाणाऱ्या जलपिसवाही गेल्या. नव्या पाण्यात सगळ्यात आधी परततं ते शेवाळ, आणि त्याला खाणारं कोणी नसतं. म्हणून नवं तळं पहिल्या उन्हाळ्यात हिरवं होणारच, आणि तेव्हा हातावर हात ठेवून बसणं हाच मोठा उपाय असतो. पाणी बदलायचंच तर थोडं थोडं, आणि नळाचं असेल तर दिवसभर उघड्या पिंपात ठेवून क्लोरिन उडू देऊन.

माझ्याकडे एक छोटा पंप आहे. तो पाणी उचलून खडीच्या पिंपात टाकतो, तिथून ते कर्दळ आणि वेखंड लावलेल्या लांबट हौदीतून वाहत परत येतं. पिंपातले जीवाणू नायट्रेट करतात, हौदीतली मुळं ते पितात. महिन्यातून एकदा कर्दळ छाटली की ते नायट्रोजन-फॉस्फरस पानांच्या रूपाने तळ्याबाहेर. नुसता पिंप ठेवून भागत नाही, ही छाटणी झाली तरच खर्चाच्या रकान्यात काही लिहिलं जातं. अझोला आणि गोंडाळ या तरंगत्या वनस्पतींचंही तसंच. ते झपाट्याने वाढतात, शेवाळाचा घास ओढून घेतात, पण वेळच्या वेळी उपसले नाहीत तर तेच कुजून तळाशी जातात.

उन्हाचं काय? पांडवलेण्यांत गेलात तर लेण्यांशेजारी कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या दिसतात. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने हे लेणं करवलं, "इमा च पोढियो", आणि या पाण्याच्या टाक्याही. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांतल्या कातळाच्या पोटात आत शिरलेल्या टाकीपाशी वाकून बघावं. वर दगडाचंच छत, आत गारवा आणि उजेड जेमतेम. जिथे ऊन पोचत नाही तिथे शेवाळाचं काही चालत नाही. आमच्या आजोळी पंचवटीतल्या वाड्यातला हौदही असाच ओसरीखाली होता.

तळ्याला छत घालता येत नाही, म्हणून ते काम कुमुदिनीला द्यायचं. पाण्याचा निम्मा ते दोन-तृतीयांश पृष्ठभाग पानांनी झाकला गेला पाहिजे. पूर्ण झाकू नये, नाहीतर पाण्याला हवा लागत नाही. कुमुदिनीची पानं पसरेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, मी पश्चिमेच्या बाजूला हिरवी शेडनेट उभी बांधते. दुपारचं सगळ्यात कडक ऊन तेवढं अडतं.

शेवाळ खूप झालेलं तळं पहाटे बघावं, दुपारी नाही. दुपारी ते ऑक्सिजन सोडत असतं, मासे मजेत दिसतात. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि ऑक्सिजन संपवत आणतं. त्यात पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या पुढे, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणून मे महिन्यात सूर्य उगवायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर समजावं की पाणी आजारी आहे. दुपारी याच्या उलट संकट. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, पीएच नऊच्या वर चढतो आणि पाण्यातल्या अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात जातो. पंप रात्री बंद करून वीज वाचवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की बंद करायचाच तर दुपारी थोडा वेळ करा, रात्री नको.

आता माझं आवडतं काम. धाग्यांचं शेवाळ हातानेच काढायचं असतं. खडबडीत बांबूची काठी घ्यायची, पुंजक्यात खुपसायची आणि एकाच दिशेने फिरवत राहायची. धागे गुंडाळत येतात. ओढायचं नाही, तुटतात. बाहेर काढलेला पुंजका लगेच खतात टाकू नये. काठावर, पाण्याला लागून तासभर तसाच ठेवायचा. त्यातून चतुरांच्या अळ्या, बेडकाची पिल्लं, पाणकिडे, इवल्या गोगलगायी सरपटत पाण्यात परत जातात. त्यांच्याशिवाय तळं चालणार नाही. मग उरलेलं शेवाळ कर्दळीच्या बुडाशी. या एका ओल्या गोळ्यात पाण्यातला जो फॉस्फरस बाहेर येतो तो कायमचा बाहेर येतो.

एका सकाळी भाच्याच्या मुलीने तिचा फोल्डस्कोप आणला होता. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलेला कागदी सूक्ष्मदर्शक. त्यात स्पायरोगायराचा एकच धागा ठेवून आम्ही बघितला. लांबट पारदर्शक पेशी एकीला एक जोडलेल्या, आणि प्रत्येकीत हिरवी फीत मळसूत्री वळणं घेत गेलेली. मला शाळेच्या पुस्तकातली आकृती पाठ होती, पण खरी फीत पहिल्यांदाच बघितली आणि बराच वेळ डोळा काढवेना. इतक्या देखण्या जिवाला माझ्या तळ्यात जागा हवीच. किती, एवढंच ठरवायचं.

या सगळ्यामुळे गोदावरीकडे बघताना माझ्या पोटात तुटतं. गंगापूर धरणातून सुटलेलं पाणी शहरात शिरेपर्यंत कसं असतं आणि शहर ओलांडून गेल्यावर कसं होतं, हे काठाने चालणाऱ्या कोणालाही दिसतं. उन्हाळा आला की पानवेली पात्र झाकून टाकतात. मग यंत्रं येतात, ट्रक भरून पानवेली काढल्या जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो. काढणं योग्यच आहे. तो खरा खर्च आहे, आणि काढलेल्या वेली काठावरच कुजत न ठेवता दूर नेल्या तर आणखी खरा. पण दुसऱ्या बाजूने नाल्यांतून सांडपाणी येतच राहतं. माणसाच्या मलमूत्रात आणि साबणाच्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असतो. कॅनडातल्या त्या पडद्याच्या हिरव्या बाजूला जे घातलं गेलं, तेच आपण नदीत घालतो, रोज, आणि मग यंत्रांची संख्या वाढवतो. माझ्या तळ्याला एक कडुनिंब आहे, नदीला अख्खं शहर.

आणि नदी इथे थांबत नाही. खाली निफाड तालुक्यात कादवेच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात तिचं पाणी पसरतं. ती जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाली. हिवाळ्यात तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरतात. उथळ, उबदार, ऊन खाणारं पाणी. म्हणजे नाशिककर वरून जे सोडतात ते तिथे जाऊन हिरवं होणार. माझ्या भावाचं गाव तिथून जवळ आहे. सिंहस्थाच्या तयारीत घाट बांधले जातात, रस्ते होतात. मला वाटतं की सांडपाण्याचा थेंबही प्रक्रियेविना पात्रात जाणार नाही, यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पैसा लागावा. भाविक जिथे डोकं बुडवतात ते पाणी आहे ते. यंत्राने पानवेली किती टन काढल्या हे आपण वाचतो; नाल्यातून किती फॉस्फरस आला हा आकडाही रोज फलकावर लिहिला जावा, म्हणजे वहीची दोन्ही पानं लोकांना दिसतील.

मागच्या आठवड्यात भावाचा पुन्हा फोन आला. शेततळ्यात जिथे पाणी पडतं तिथे वेखंड आणि कर्दळीची एक पट्टी लावून बघणार म्हणतो, आधी एका बाजूला. त्याला रोपं हवी आहेत. माझ्या हौदीत ती दाटलीच आहेत, त्यामुळे पावसाळ्याआधी विरळणी करायची आहे. कुमुदिनीचे कंदही या फेब्रुवारीत वाटून झाल्यावर चार-पाच उरलेत, कुंड्यांत जगवून ठेवलेत. मखमलाबाद, गंगापूर रोडच्या बाजूला कोणाचं तळं असेल तर मृग लागायच्या आत घेऊन जा. गप्पीही देईन, बाटली मात्र आपली आणा. आणि घरी नेल्यावर त्यांना पोळी घालू नका.